'फक्त वीसपैकी एक' खरं आहे का? स्पोर्ट्स कार व्हेरिएंटचा उत्पादन-आकडा असा पडताळा

विक्रीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं: 'जगात फक्त २०'. घेणारा तो आकडा इंटरनेटवर शोधतो, चार ठिकाणी तोच २० सापडतो आणि पडताळणी झाली असं समजून तो मोकळा होतो. प्रत्यक्षात सिद्ध झालेलं असतं एवढंच, की चार जणांनी एकमेकांचं उतरवून घेतलं. तो २० कशाचा, एका सालाचा, एका देशाचा की एका रंगाचा? आणि समोरची गाडी त्या विसांत बसते का? हे दोन्ही प्रश्न जागच्या जागी राहतात.

घोळ बहुतेक वेळा क्रमाचा असतो. लोक आधी आकडा शोधतात आणि मग गाडी त्यात बसवतात, म्हणजे आधी कळस मग पाया. इथे क्रम असा आहे: आधी गाडीची ओळख, मग प्रश्न, मग आकडा, मग त्याचा ताळा, आणि शेवटी पुन्हा गाडी.

टप्पा १: गाडीची ओळख कागदावर उतरवा

या टप्प्यात कुठलाही आकडा शोधायचा नाही. फक्त गाडी वाचायची.

चासी नंबर किमान दोन जागांवरून घ्या: एक धातूत ठोकलेला, दुसरा प्लेटवर किंवा स्टिकरवर. त्यानंतर इंजिन नंबर, गिअरबॉक्सचा नंबर, डेटा प्लेट आणि ऑप्शन कोडचं (कारखान्यात निवडून घातलेल्या जादा गोष्टींच्या सांकेतिक क्रमांकांचं) स्टिकर. पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलांत हे स्टिकर पुढच्या बॉनेटखाली असतं आणि त्याचीच प्रत सर्व्हिस बुकात चिकटवलेली असते. दोन्ही एकमेकांशी ताडून बघा. फोटो काढताना टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून फ्लॅश मारला की घासल्याच्या खुणा दिसत नाहीत, तिरक्या उजेडात लगेच उठून दिसतात.

अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून १७ अक्षरी चासी नंबर सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे जुन्या गाडीचा छोटा नंबर बघून दचकू नका. १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत. कुणी पाठवलेल्या नंबरात 'ओ' दिसला तर तो शून्य वाचण्यात चुकलाय, किंवा प्रकरण त्याहून गंभीर आहे.

उदाहरणादाखल युरोपसाठी बनलेल्या पोर्शे ९९३ चा नंबर घ्या. सुरुवातीला डब्ल्यू-पी-०, मग तीन झेड, मग ९९, मग पुन्हा झेड. हे झेड नुसती जागा भरायला असतात. दहाव्या जागी टी असेल तर मॉडेल इयर, म्हणजे कंपनी गाडी ज्या सालाची म्हणून विकते ते साल, १९९६. अकराव्या जागचा एस म्हणजे श्टुटगार्ट. बाराव्या जागचा ३ आधीच्या ९९ ला जोडला की ९९३ हा टाइप मिळतो.

इशारा: नवव्या जागेवरचा तपास-अंक (बाकीच्या अक्षरांवरून हिशेबाने काढलेला) अमेरिकी बाजारपेठेच्या गाड्यांसाठी सक्तीचा आहे, युरोपसाठी नाही. नंबराचा अर्थ लावून देणाऱ्या ऑनलाइन डीकोडरने युरोपियन गाडीच्या नंबराला 'अवैध' म्हटलं म्हणून गाडी खोटी ठरत नाही. या एका गैरसमजापायी चांगल्या गाड्यांचे सौदे मोडतात.

दुसरा इशारा: दहाव्या जागचं अक्षर दर ३० वर्षांनी परत येतं. 'ए' म्हणजे १९८० आणि २०१० सुद्धा. शिवाय ते मॉडेल इयर सांगतं, गाडी लाइनवरून कधी उतरली ते सांगत नाही.

टप्पा २: प्रश्न एका वाक्यात लिहा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या, कारण हाच टप्पा सगळे गाळतात. 'ही गाडी किती बनली?' हा प्रश्नच नाही, त्याची पाच-सहा वेगवेगळी उत्तरं खरी असू शकतात.

बुगाटी वेरॉन किती बनल्या? ४५०. त्यातल्या बंद टपाच्या म्हणजे कूपे ३००, उघड्या टपाच्या १५०. कूपेंमध्ये साध्या २५२ आणि सुपर स्पोर्ट ४८. उघड्यांमध्ये ग्रँड स्पोर्ट ५८ आणि ग्रँड स्पोर्ट विटेस ९२. यातला एकही आकडा खोटा नाही. पण ग्रँड स्पोर्टच्या जाहिरातीत '४५० पैकी एक' लिहिलं तर मालकाचं नुकसान, आणि साध्या कूपेच्या जाहिरातीत कुणी ४८ घुसवला तर घेणाऱ्याची फसवणूक.

म्हणून वाक्य लिहिताना या गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत:

- साल: मॉडेल इयर की कॅलेंडरचं वर्ष? पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ सगळीकडे '१९७३ ची' म्हणून ओळखली जाते, पण ती १९७२ च्या पॅरिस मोटर शोमध्येच आली होती. त्यामुळे १९७२ ची उत्पादन-तारीख दिसली म्हणून बिचकायचं कारण नाही.
- बाजारपेठ: जगभर की एका देशासाठी?
- बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स.
- प्रोटोटाइप (चाचणीसाठीचे नमुने), रेसच्या गाड्या आणि कंपनीने स्वतःकडे ठेवलेल्या गाड्या धरल्या आहेत की नाहीत?

बाजारपेठेचा मुद्दा किती फरक पाडतो ते सुबारू इम्प्रेझा २२बी एसटीआयमध्ये दिसतं. १९९८ मध्ये जपानसाठी ४००, ब्रिटनसाठी अधिकृत १६, ऑस्ट्रेलियासाठी ५ आणि ३ प्रोटोटाइप, एकूण ४२४. ब्रिटनमध्ये आज दिसणारी प्रत्येक २२बी त्या १६ मधली नसते, कारण जपानी गाड्याही खाजगी आयातीने तिथे पोचल्या. 'ब्रिटनमधली' आणि 'ब्रिटनसाठीची' यात पैशांचा मोठा फरक आहे. जाहिरात लिहिणाऱ्याला तो बहुधा ठाऊक असतो.

तपासणी: तुमचं वाक्य दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. त्याने 'म्हणजे अमेरिकेतल्या पण धरून?' असं काही विचारलं, तर वाक्य अजून अपुरं आहे.

टप्पा ३: आता आकडा शोधा, पण उगमापर्यंत जाऊन

विश्वासाची उतरंड साधारण अशी: कारखान्याची गाडीनिहाय नोंद, मग कंपनीच्या किंवा तिच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या वारसा-संस्थेच्या दप्तरातून निघालेलं प्रमाणपत्र, मग मालकांनी चासी नंबरवार ठेवलेली रजिस्टर, मग त्या काळची प्रसिद्धिपत्रकं आणि मासिकं, आणि सर्वात शेवटी विक्रीची जाहिरात. नीटनेटक्या तक्त्यापेक्षा मला मधल्या काही नंबरांपुढे 'ठावठिकाणा माहीत नाही' असं लिहिलेलं रजिस्टर जास्त भरवशाचं वाटतं. ज्याने खरंच मोजलं, त्याच्या वहीत रिकाम्या जागा राहतातच.

प्रसिद्धिपत्रकात खरी मेख असते. तिथला आकडा बनवायचा असतो, बनलेला नसतो. फेरारी एफ४० चं ठरलं होतं ४०० चं, मागणी बघून बनल्या १,३०० हून जास्त. पोर्शे कॅरेरा जीटीचं उलटं झालं: जाहीर केल्या १,५००, बनल्या १,२७०. निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३४ च्या शेवटच्या न्यूर आवृत्तीची घोषणा १,००० ची होती, प्रत्यक्षात १,००३ निघाल्या. गोल आकडा दिसला की तो योजनेचा आहे असं धरून चाला, उलट पुरावा मिळेपर्यंत.

शर्यतीच्या मान्यतेसाठी (होमोलोगेशनसाठी) लागणारी किमान संख्या हासुद्धा बनलेल्या गाड्यांचा आकडा नव्हे. ग्रुप बी या शर्यतीच्या वर्गाच्या नियमाला २०० गाड्या पुरत होत्या, फेरारी २८८ जीटीओ २७२ बनल्या. त्याआधीच्या २५० जीटीओच्या वेळी नियम १०० चा होता आणि गाड्या बनल्या ३६. ती आधीच्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असं मानून मान्यता मिळाली.

इशारा: 'लिमिटेड' आणि 'नंबर घातलेली' हे दोन वेगळे दावे आहेत. डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी आहे म्हणून एकूण संख्या ठरलेली होती असं होत नाही. काही पट्ट्या तर डीलरने लावलेल्या असतात.

टप्पा ४: ताळा जमवा

मिळालेला एकूण आकडा घ्या, त्याचे पोटआकडे मांडा आणि बेरीज करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि अर्धी खोटी विधानं इथेच गळतात.

मॅक्लॅरेन एफ१ एकूण १०६. मांडणी अशी: रस्त्यावरच्या साध्या ६४, त्यांचे प्रोटोटाइप ५, एलएम ५, एलएमचा प्रोटोटाइप १, जीटी २, जीटीचा प्रोटोटाइप १, रेसच्या जीटीआर २८. बेरीज १०६. आता कुणी म्हणालं 'एलएम सहा', तर तो खोटं बोलत नाहीये, त्याने प्रोटोटाइप धरलाय. आणि कुणी 'रस्त्यावरच्या १०६' म्हणालं, तर त्याने २८ रेसकार चक्क रस्त्यावर आणल्या.

कॅरेरा आरएस २.७ साठी: हलक्या वजनाच्या स्पोर्ट २००, टूरिंग १,३०८, रेसच्या आरएसआर ५५, आणि होमोलोगेशनसाठीच्या अगदी मूळ रूपातल्या १७. एकूण १,५८०. पोर्शेला मान्यतेसाठी लागणार होत्या ५००, त्यामुळे जुन्या लिखाणात '५०० बनल्या' असंही सापडतं. तो आकडा कुठून आला ते आता तुम्हाला कळेल. आरएस विकणारा नुसतं '२०० पैकी एक' म्हणतो तेव्हा त्याला ऑप्शन कोड विचारा. स्पोर्टचा एम४७१, टूरिंगचा एम४७२.

ताळा जमत नसेल तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. टोयोटा २०००जीटीचे ३३७ आणि ३५१ असे दोन आकडे सर्रास दिसतात. मोठ्यात प्रोटोटाइप आणि शर्यतीच्या गाड्याही धरलेल्या आहेत. दोन आकड्यांतला फरक कशाचा आहे हे सांगता आलं, की दोन्ही वापरता येतात. सांगता येत नसेल तर एकही वापरू नका.

चासी नंबरांची वजाबाकी करून संख्या काढायचा मोह फार जणांना होतो. पहिला नंबर, शेवटचा नंबर, मधलं अंतर म्हणजे उत्पादन! पण मधले नंबर सोडलेले असू शकतात, आणि एकाच मालिकेत वेगवेगळी मॉडेलं असू शकतात. फेरारीने कित्येक दशकं रस्त्यावरच्या गाड्यांना फक्त विषम नंबर दिले आणि ते सगळ्या मॉडेलांत मिळून चालत राहिले. सम नंबर रेसकारना जात, शिवाय डिनोला. तिथे वजाबाकीने काहीच हाती लागत नाही.

नंतर पुन्हा बनवलेल्या गाड्यांचा रकाना वेगळा ठेवा. लाइटवेट जग्वार ई-टाइपची योजना १८ ची होती, १९६३-६४ मध्ये १२ बनल्या, आणि उरलेल्या सहा बनवायचं कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलं. नंबर कंपनीचेच, पण बारा आणि सहा यांची सरळ बेरीज करून '१८ पैकी एक' लिहिणं म्हणजे पन्नास वर्षांचं अंतर गिळून टाकणं.

टप्पा ५: ऑप्शनच्या चाळणीला हद्द घाला

'जगात एकमेव' ही घोषणा जवळजवळ नेहमी इथे तयार होते. रंग घेतला, सीटचा रंग घेतला, शिलाईचा रंग, ब्रेकचा रंग, सनरूफ नको, रेडिओ नको, आणि बघता बघता गाडी एकटी उरली. हो किंवा नाही अशा नुसत्या दहा ऑप्शनच्या १,०२४ जुळण्या होतात. ५०० गाड्यांच्या आवृत्तीत मग बहुतेक गाड्या 'एकमेव' निघणार. त्यात गाडीचं कर्तृत्व शून्य.

साधा निकष लावा: तो ऑप्शन काढला तर गाडी चालवायला, दिसायला किंवा नियमांत वेगळी ठरते का? फेरारी ५९९ जीटीबी हाताच्या गिअरबॉक्ससह सुमारे ३० च बनल्या. हा फरक गाडी चालवणाऱ्याच्या हाताला कळतो, म्हणून तो मोजण्यासारखा. सीटबेल्टचा रंग नव्हे.

काही कंपन्यांसाठी अशी विभागणी कागदावर मिळते. १९६७ पासूनच्या अमेरिकी फोर्डसाठी मार्टी ऑटो वर्क्सकडे कारखान्याचा डेटा आहे. त्यांच्या सविस्तर अहवालात तोच रंग, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स असलेल्या किती गाड्या निघाल्या ते येतं. जुन्या पॉन्टियॅकसाठी पीएचएस या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या सेवेकडून मूळ बिलाची प्रत मिळते. मात्र अहवालातली सर्वात खालची, सर्वात छोटी ओळ उचलू नका. वरून खाली वाचा आणि जिथे निकष संपतो तिथे थांबा.

टप्पा ६: समोरची गाडी त्या संख्येत बसते का?

आकडा खरा ठरला, आता गाडीची पाळी. शेव्हरोले कॉर्व्हेट एल८८ (शर्यतीच्या ताकदीचं इंजिन बसवलेली आवृत्ती) चे आकडे पक्के आहेत: १९६७ मध्ये २०, १९६८ मध्ये ८०, १९६९ मध्ये ११६, एकूण २१६. अडचण अशी की त्या सालांच्या कॉर्व्हेटच्या चासी नंबरात इंजिनचा कोडच नाही. तो १९७२ पासून आला. म्हणजे साध्या बिग-ब्लॉक (मोठ्या व्ही८ इंजिनच्या) गाडीत एल८८ चे भाग बसवले तरी चासी नंबर काही चुगली करत नाही.

मग बघायचं काय? इंजिन ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवर जुळणीची तारीख, इंजिनचा कोड आणि चासी नंबरचा भाग ठोकलेला असतो. त्या पट्टीवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक, एका दिशेच्या रेघा दिसल्या पाहिजेत. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, किंवा अक्षरांच्या कडांवरून रेघा गेलेल्या असतील, तर कुणीतरी घासून पुन्हा ठोकलंय. त्यापुढे टँक स्टिकर: इंधनाच्या टाकीवर चिकटवलेला ऑर्डरचा कागद, ज्यावर ऑप्शन कोड छापलेले असतात. टाकी उतरवल्याशिवाय तो नीट दिसत नाही, म्हणून विक्रेते टाळाटाळ करतात. उतरवायला सांगा, खर्च तुम्ही द्या.

आणि साधी तर्काची कसोटी विसरू नका. १९६७ च्या एल८८ सोबत रेडिओ आणि हीटर मिळतच नव्हते. डॅशबोर्डवर मूळचा रेडिओ दाखवणाऱ्या मालकाला त्याचा खुलासा करावा लागेल.

उलट १९७०-७१ च्या प्लिमथ कुडाच्या चासी नंबरातच इंजिन असतं: पाचव्या जागी आर असेल तर ४२६ हेमी हे इंजिन. तिथे प्रश्न नंबर त्या बॉडीचाच आहे का, एवढा उरतो. कुठला पुरावा कुठे असतो हे मॉडेलगणिक बदलतं. ते आधी शिका, मग गाडी बघायला जा.

इशारा: प्रमाणपत्र नीट वाचा. जग्वारच्या वारसा-संस्थेचं प्रमाणपत्र दप्तरातून निघतं. त्या नंबरची गाडी कशी बनली होती एवढंच ते सांगतं, तुमच्या समोरची गाडी कुणी पाहिलेली नसते. फेरारीच्या क्लासिके या विभागाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र गाडी प्रत्यक्ष तपासली जाते. दोघांना एकाच मापाने तोलू नका.

टप्पा ७: बनल्या किती आणि उरल्या किती

हे दोन रकाने कधीही मिसळू नयेत. बुगाटी टाइप ५७ एससी अटलांटिक चार बनल्या, त्यातल्या तीनच सापडतात. १९८३ ची कॉर्व्हेट तर ४३ प्रोटोटाइपच्या पुढे गेलीच नाही, विक्रीला आलीच नाही. एक गाडी वाचली, ती केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात आहे.

उरलेल्यांचा अंदाज सरकारी नोंदणीवरून काढणार असाल, तर तो आकडा त्या एका देशाचा असतो हे लक्षात ठेवा. निर्यात झालेली गाडी यादीतून जाते, मोडीत निघालेली असतेच असं नाही. ब्रिटनच्या आकडेवारीत रस्त्यावर नसल्याचं जाहीर केलेल्या गाड्या वेगळ्या दाखवतात. त्या न मिळवता मोजलं तर संख्या उगाच कमी येते. शिवाय नोंदणी करताना व्हेरिएंटचं पूर्ण नाव लिहिलं जाईलच याचा भरवसा नाही.

जुन्या रेसकारमध्ये उलटा प्रकार होतो. अपघातात चासी बदलली, जुनी कुणीतरी दुरुस्त केली, आणि आज एका नंबरच्या दोन गाड्या उभ्या आहेत. मग बनल्या त्यापेक्षा उरल्या जास्त!

टप्पा ८: नोंद कशी लिहायची

आकडा कधीही एकटा लिहू नका. शेवटची नोंद अशी दिसली पाहिजे:

'कॅरेरा आरएस २.७, मॉडेल इयर १९७३, टूरिंग (एम४७२): १,५८० पैकी १,३०८. एकूणात आरएसआर व होमोलोगेशनच्या गाड्या धरलेल्या. ही गाडी: चासी नंबर दोन ठिकाणी जुळला, इंजिन नंबर जुळला, गिअरबॉक्स तपासलेला नाही. उरलेल्या गाड्यांची संख्या: दावा नाही.'

'तपासलेला नाही' आणि 'दावा नाही' हे शब्द गाळू नका. घेणारा ज्याला दाखवून सल्ला घेणार आहे तो जाणकार आधी तेच शोधतो. नोंदीखाली तारीख घाला, कारण रजिस्टरमध्ये नवी गाडी सापडते आणि आकडे हलतात. जाहिरातीत जागा कमी असेल तर विशेषणं कापा, कंसातला ऑप्शन कोड ठेवा.